फुगलेल्या शिरेत गुठळी : लेझर आत्ताच करावं का?

सांजवारा
आईच्या (वय ६१) डाव्या पायात व्हेरिकोज व्हेन्स कितीतरी वर्षं आहेत. दुखत नव्हत्या, म्हणून कोणीच मनावर घेतलं नाही. आठ दिवसांपूर्वी गुडघ्याच्या आतल्या बाजूची शीर लाल झाली. दोरीसारखी कडक लागते, हात लावू देत नाही. एका डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, दुसरे म्हणतात लगेच लेझर करून टाकू. कोणी यातून गेलंय का?

खडूफळा
मी गेलोय. उभं राहून पायाचा डॉप्लर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केला का? नसेल तर बाकी सगळं नंतर. गुठळीची लांबी आणि तिचं वरचं टोक जांघेपासून किती लांब आहे, हे दोन आकडे रिपोर्टात हवेतच. जांघेत ही शीर आतल्या मोठ्या शिरेला मिळते. तिथून ३ सें.मी.च्या आत गुठळी असेल, तर खोल शिरेतल्या गुठळीसारखेच उपचार करतात.

लाली बहुतेक वेळा सुजेची असते, जंतूंची नाही. अँटिबायोटिक कशासाठी दिलं ते जरूर विचारा.

उंबरठा
पूर्ण पाय सुजला, धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर इथे लिहीत बसू नका, थेट इमर्जन्सीत.

खडूफळा
+१

लेझरबद्दल. त्यात सुईच्या भोकातून बारीक तार शिरेत सरकवतात आणि उष्णतेने शीर आतून बंद करतात. रेडिओफ्रीक्वेन्सीतही तेच, फक्त उष्णता वेगळ्या प्रकारे देतात. पण ताजी गुठळी वाटेत असेल तर तार पुढे जातच नाही. म्हणून मला आधी औषध दिलं, सूज उतरू दिली आणि दोनेक महिन्यांनी रेडिओफ्रीक्वेन्सी केली. पायालाच भूल, त्याच दिवशी चालत घरी. भुलीच्या सुया मात्र चांगल्याच टोचतात, तेवढं कोणी आधी सांगत नाही! शिरांच्या वेड्यावाकड्या गाठी २-३ मि.मी.च्या छेदांतून ओढून काढल्या. आठवड्याने पुन्हा डॉप्लर झाला, कारण बंद केलेल्या शिरेतून गुठळी आतल्या मोठ्या शिरेत सरकू शकते.

गुडघ्याखाली उष्णता दिली तर शेजारचा मज्जातंतू दुखावून बधिरपणा येऊ शकतो. तिथे फोम (फेसाळ औषध टोचून शीर बंद करणं) चालेल का, हे विचारून ठेवा.

सांजवारा
डॉप्लर झाला. गुठळी ११ सें.मी., जांघेपासून बरीच खाली, खोल शिरा मोकळ्या. रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन ४५ दिवस रोज, लेझरचं नंतर बघू म्हणाले. अँटिबायोटिक बंद. पायाचा रक्तपुरवठा तपासून घट्ट मोजेही दिलेत. आई म्हणते, इंजेक्शन रोज दोन द्या, पण मोजे नकोत.

उंबरठा
सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, पाय सुजायच्या आत चढवा. हातात रबरी मोजे घाला, म्हणजे पकड येते. माझ्या सासूबाईंनी पहिले चार दिवस मला शिव्या घातल्या, पाचव्या दिवशी स्वतः चढवले.