अणू, रेणू आणि हिंदीतला अणु

मुलगी नववीत आहे, मराठी माध्यमात. रसायनशास्त्रासाठी ती हिंदी व्हिडिओ बघते. तिथले सर ‘पानी का अणु’ म्हणतात, पुस्तकात ‘पाण्याचा रेणू’ आहे. चूक कोणाची?

— कोणाचीच नाही, ताई. मराठीत मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण तो अणू, आणि अणू जोडून होतो तो रेणू. हिंदीत पहिल्याला परमाणु म्हणतात आणि दुसऱ्याला अणु. म्हणून तुर्भ्याच्या एकाच संस्थेचं नाव मराठीत भाभा अणुसंशोधन केंद्र, तर हिंदीत भाभा परमाणु अनुसंधान केंद्र.

खरा घोटाळा गणितं सोडवताना होतो. ‘ऑक्सिजनचा अणुभार’ मराठीत 16. तोच शब्द हिंदीत वाचला तर 32, कारण तिथे दोन अणू जोडलेला कण धरलेला असतो. आपण त्याला रेणुभार म्हणू. मुलीला एवढं एक उदाहरण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगा.

मला स्वतःला मराठीची जोडी फार आवडते. वैशेषिक या प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानात परमाणू हा अविभाज्य कण. दोन परमाणूंचं द्व्यणुक, आणि तीन द्व्यणुकांचा त्रसरेणू. झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत धुळीचे कण तरंगताना दिसतात ना, तोच हा त्रसरेणू. रेणू म्हणजे मुळात धूळ, रज. रसायनातला रेणू डोळ्यांना दिसत नाही, हे खरं. पण ‘अनेक मिळून झालेला, म्हणून मोठा’ हा अर्थ त्या शब्दात चांगला मुरलेला आहे. तुकोबांच्या ‘अणुरेणिया थोकडा’मध्ये मात्र दोन्ही शब्द निव्वळ सूक्ष्मपणासाठी एकत्र येतात. रोजच्या बोलण्यातलं ‘अणुरेणू’ही तसंच. त्यामुळे दोघांत मोठा कोण, हे मुलांना कानावरून कळत नाही, ते शिकवावंच लागतं.

आभार, दादा. आणखी एक. सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट यांत ती नेहमी अडखळते.

— साहजिक आहे, पहिल्या दोघांत फरक फक्त ड आणि ट यांचा. सल्फाइडमध्ये गंधकाबरोबर ऑक्सिजन नसतो. सल्फाइटमध्ये गंधकाच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे तीन, सल्फेटमध्ये चार. नायट्राइटमध्ये दोन आणि नायट्रेटमध्ये तीन. म्हणजे ‘एट’ला ‘आइट’पेक्षा एक जास्त, एवढंच धरायचं, नेमका आकडा त्या शेपटीवरून कळत नाही. ‘आइड’ बहुधा दोनच मूलद्रव्यांच्या संयुगाला लागतं, पण हायड्रॉक्साइड आणि सायनाइड हे अपवाद तिला आत्ताच सांगा. चुन्याची निवळी म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं पाणी, त्यात ऑक्सिजन आहेच. घरात मोरचूद असेल तर तो निळा खडा लांबूनच दाखवा, विषारी असतो. कॉपर सल्फेट. त्या निळ्या रंगासाठी स्फटिकातलं पाणी लागतं. तापवून ते उडालं की मोरचूद पांढरा पडतो.