जुने फोन चालतात, आवाज मात्र मिक्सरवरून घ्या

कार्यक्रम इंटरनेटवर लाइव्ह दाखवायला तीन-चार जुने फोन कॅमेरा म्हणून वायफायवर ओबीएसला (लॅपटॉपवरचं, अनेक कॅमेऱ्यांची चित्रं घेऊन प्रक्षेपण करणारं मोफत सॉफ्टवेअर) जोडले की स्विचर (एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जायचं यंत्र) विकत घ्यायची गरज नाही, असं काहीजण म्हणतात ते पटलं, आमच्या गावच्या जत्रेतला दशावतार आम्ही असाच दाखवतो. पण आवाजाबद्दल कोणीच बोलत नाही आणि मुंबईतून बघणारे चाकरमानी पहिली तक्रार त्याचीच करतात. फोनच्या माइकवर झांज नुसती फाटते, पेटी आणि गाणं तिच्याखाली बुडून जातं. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाइन आउट (आवाज बाहेर देणारी जोडणी) घ्या, लाइन इन (तसा आवाज आत घेणारी जोडणी) असलेल्या यूएसबी साउंड कार्डातून लॅपटॉपला द्या, फोनचे माइक सगळे म्यूट.

मग काय होतं, वायफायवरचं चित्र आवाजाच्या मागे पडतं, राजा बोलून मोकळा आणि ओठ नंतर हलतात. त्यासाठी ओबीएसमध्ये सिंक ऑफसेट (आवाज तेवढाच मागे ढकलायची सेटिंग) आहे, नाटक उभं राहण्याआधी कुणालातरी रंगमंचावर टाळी वाजवायला लावा, रेकॉर्डिंग बघा आणि जो फरक दिसेल तो मिलिसेकंदात तिथे भरा. प्रत्येक फोन वेगळा मागे असतो, म्हणून सगळ्यात मंद फोन धरून बाकीच्यांना ओबीएसमधला रेंडर डिले फिल्टर (चित्र थोडं उशिरा दाखवणारा) लावायचा, तो ५०० मिलिसेकंदांपर्यंतच जातो, त्याहून मागे राहणारा फोन सरळ केबलने जोडा.