मदत हवी आहे: 'अँटिगनी'चा शोकनायक कोण, ती की क्रेऑन?

मंडळी, एम.ए.च्या सेमिनारसाठी सोफोक्लीजचं 'अँटिगनी' हे ग्रीक नाटक (इ.स.पू. 441 च्या सुमाराचं) वाचतोय आणि एका जागी पार अडकलोय.

ॲरिस्टॉटलचा शोकनायक (म्हणजे शोकांतिकेचा नायक) ना संत, ना खलपुरुष; नावाजलेल्या घरातला, 'हमार्शिया'मुळे खाली येणारा. हमार्शिया म्हणजे मुळात नेम चुकणं. (आमच्या गाइडात सरसकट 'स्वभावदोष' छापलंय, मला काही ते पटत नाही.)

या मापात थीब्जचा राजा क्रेऑनच बसतो. अँटिगनीचा भाऊ पॉलिनायसीज याच्या दफनाला त्याने बंदी घातली आणि ती मोडली म्हणून अँटिगनीला गुहेत कोंडलं. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस याने बजावल्यावर तो निघतो खरा, पण आधी पॉलिनायसीजचं कुत्र्यांनी फाडलेलं प्रेत धुतो, जाळतो, वर मातीचा ढीग रचतो आणि मग गुहेकडे वळतो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला. पाठोपाठ क्रेऑनचा मुलगा जातो, बायको जाते. चूक उमगते तीही त्यालाच.

अँटिगनी तर समजून उमजून मरण पत्करते. तिचा नेम चुकला कुठे? तरी नाटक तिच्या नावाचं, आणि वाचताना जीव अडकतो तोही तिच्यातच.

मग तिला शोकनायिका म्हणायला ॲरिस्टॉटल बाजूला ठेवायचा का? तसाही तो सोफोक्लीज गेल्यावर वीसेक वर्षांनी जन्मला. कुणी संहितेतल्या जागा दाखवून सांगेल का? गुरुवारी सादरीकरण आहे.