मदत हवी आहे: हायकूवर वायफाय दिसत नाही

मंडळी, माळ्यावर धूळ खात पडलेल्या २ जीबीच्या लॅपटॉपवर हायकू या ऑपरेटिंग सिस्टिमचं बीटा ५ टाकलंय, ३२-बिट. (लिनक्स नव्हे बरं का! बंद पडलेल्या बीओएस या जुन्या सिस्टिमच्या धर्तीवर स्वयंसेवक २००१ पासून घडवताहेत.) चहा उकळायच्या आत डेस्कटॉप समोर, खिडक्यांना ते पिवळे टॅब! आवाज, टचपॅड चालू. लॅनची वायर खोचली की नेटही. वायफाय मात्र नेटवर्क सेटिंगमध्ये उमटतच नाही. टर्मिनलवर हार्डवेअरची यादी देणारी 'लिस्टदेव' कमांड मारली तर कार्ड यादीत आहे. फर्मवेअर (कार्डाला लागणारं आतलं सॉफ्टवेअर) उतरवायची स्क्रिप्टही चालवून झाली, ढिम्म.

वायफायचे बरेच ड्रायव्हर बीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमकडून आलेत, म्हणजे तिथे चालणारं कार्ड इथे चालेल का? आतलं कार्ड बदलू की यूएसबी डोंगल घेऊ? स्वतः वापरलेलंच मॉडेल सांगा, प्लीज.