भुंगा म्हणजे नक्की कोण?

गच्चीत कृष्णकमळाच्या वेलावर रोज एकजण येतो, काळाकुट्ट, अंगठ्याच्या पेराएवढा, उन्हात पंख निळे-जांभळे चमकतात. फोटो ग्रुपवर टाकला तर उत्तर आलं कार्पेंटर बी, म्हणजे मधमाशांच्या नात्यातला. आई म्हणते हा भुंगा. आणि लेकीच्या चित्रांच्या पुस्तकात भुंगा म्हणून चक्क कठीण पाठीचा बीटल छापलाय. मग मराठीत भुंगा कोणाला म्हणायचं?

—

आई बरोबर आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात बघा, भ्रमर कसलंही कोरडं लाकूड पोखरतो पण कोवळ्या कळीत मात्र अडकतो. लाकूडही कोरायचं आणि फुलावरही जायचं, हे वर्णन तुमच्या पाहुण्यालाच बसतं. विचारांचा भुंगा डोकं पोखरतो म्हणतो आपण, त्यातही तेच. त्याचं घर वाशात नाहीतर वाळक्या बांबूत, पेनाने पाडल्यासारखं गोल भोक आणि खाली भुसा.

—

पण पुस्तकवाल्यांना एकदम झोडू नका. नारळावरचा गेंड्या भुंगा, सोयाबीनवरचा चक्रीभुंगा, शेतकरी असंच म्हणतात आणि ते दोन्ही बीटलच. मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचे मात्र भुंगेरे. माझ्यापुरतं मी बीटलला भुंगेरा आणि ह्याला भुंगा ठेवलंय, फोटोखाली लिहायला तेवढं पुरतं.

—

बरं, पण फोटोत ओळखायचं कसं?

—

पाठ बघा. भुंगेऱ्याची पाठ म्हणजे कठीण टरफल आणि मधोमध सरळ रेघ. भुंग्याचे पंख पातळ, पारदर्शक किंवा काळसर, पायांवर दाट केस. खरा घोळ माशी या शब्दाने होतो, घरमाशीही माशीच आणि मधमाशीही माशीच! फुलांवर तरंगणारी पिवळ्या पट्ट्यांची माशी लोक मधमाशी म्हणून टाकतात, ती घरमाशीची नातेवाईक. पंख मोजत बसू नका, मधमाशीला चार असले तरी पुढचे-मागचे एकमेकांत अडकतात आणि फोटोत दोनच दिसतात. मिशा बघा, मधमाशीच्या लांब आणि कोपरात वाकलेल्या, त्या दुसरीच्या अगदी खुंटासारख्या. गांधीलमाशी असेल तर कंबर बारीक आणि अंग गुळगुळीत. आणि पराग कुठे चिकटलेत तेही बघा, सातेरी, आग्या, फुलोरी या मोहोळवाल्या मधमाशा मागच्या पायांवर गोळे करून नेतात, गुलाबाची पानं अर्धगोल कातरणारी मधमाशी पोटाखाली फासून नेते. म्हणून फोटो वरून एक आणि बाजूने एक तरी हवाच, नुसता वरून काढलेला असला की आम्ही पण अंदाजच मारतो.

—

सातेरी म्हटलं की आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना आधी देवीच आठवते :) अजून एक, आग्या वगैरे सोडून दुसरी जंगली मधमाशी दिसली की लोक विचारतात मोहोळ कुठंय. अहो, यातल्या बहुतेक एकट्या राहतात, मातीत नाहीतर काडीत बीळ करून, त्यांचं मोहोळ नसतंच.

—

सगळ्यांचे आभार. आईला हे वाचून दाखवलं, ती म्हणे मग मी वेगळं काय सांगत होते, आणि वेलाला लावलेला तो बांबू बदल आता, महिनाभर खाली भुसा झाडतेय मी.