मेकॅनिकलवरून फायनान्शियल इंजिनिअरिंग: गणिताची तयारी कुठून धरू?

चाकणची_बस

नमस्कार मंडळी. मी २०२१ चा मेकॅनिकल. चाकणला सीएईमध्ये (कॉम्प्युटरवर भागांची ताकद तपासणं) आहे, म्हणजे दिवसभर ब्रॅकेटचं मेशिंग, छोट्या तुकड्यांत विभागणी. पुढच्या वर्षी अमेरिकेत फायनान्शियल इंजिनिअरिंगच्या (गणित आणि प्रोग्रामिंगने बाजारातली किंमत-जोखीम मोजणं) मास्टर्सला अर्ज करायचाय. जीआरई झाली, क्वांटला १६८ आले. पायथन रोजच्या वापरातलं, सी प्लस प्लस परीक्षेपुरतं.

अडचण अशी की एम-थ्रीला (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताच्या पेपरला) केटी लागली होती, म्हणजे नापास झालो होतो. सुटली पुढच्या सेमला, पण ट्रान्स्क्रिप्टवर दिसतेच. कोथरूड ते चाकण जाऊन-येऊन कंपनीच्या बसमध्ये तीन तास जातात, अभ्यास काय तो तिथेच. एका क्लासने 'क्वांट फायनान्स'चे ८० हजार सांगितले. डेमोला गेलो तर कँडलस्टिक, म्हणजे शेअरच्या भावाचे आलेख, शिकवत होते. बाबा म्हणतात, सरळ एमबीए कर. सुरुवात कशाने करू?

पेठेतला

बाबांचं ऐका. नाहीतर सीएफएची (गुंतवणूक विश्लेषकांची परीक्षा) लेव्हल वन देऊन टाका, फायनान्स तरी कळेल.

सिव्हिलवाली

सीएफए वाईट नाही, पण इथे गाठ गणिताशी आहे, ताळेबंदाशी नाही. मी सिव्हिलची, याच वाटेने जाऊन आले. आता खराडीत मॉडेल व्हॅलिडेशन करते, म्हणजे दुसऱ्यांच्या मॉडेलमधल्या चुका काढायचा पगार घेते. (सासूबाईंच्या मते हे मला उपजतच येत होतं.)

एम-थ्रीतलं ज्यावर घोडं अडलं असेल ते हीट इक्वेशन (सळईत उष्णता कशी पसरते त्याचं समीकरण) आठवतंय? ऑप्शनची (ठरलेल्या भावाला शेअर घ्यायचा किंवा विकायचा हक्क) किंमत काढायचं १९७३ चं ब्लॅक-शोल्स समीकरण चलं बदलून लिहिलं की तेच निघतं. फक्त घड्याळ उलटं. सळईचं सुरुवातीचं तापमान माहीत असतं, तसं इथे ऑप्शनची एक्स्पायरीच्या, म्हणजे मुदत संपायच्या, दिवशीची किंमत माहीत असते आणि तिथून मागे आजवर यायचं. सोडवायला क्रँक-निकल्सन पद्धत, जी १९४७ मध्ये उष्णतावहनासाठीच निघाली. वेळेची पायरी मोठी झाली की एक्स्प्लिसिट स्कीम (पुढचा आकडा थेट आधीच्यावरून काढणारी) कशी उधळते, ते तुम्ही फायनान्सवाल्यांपेक्षा जास्त वेळा पाहिलं असेल. गंमत पुढे आहे. पेऑफच्या (शेवटी हातात येणाऱ्या रकमेच्या) आलेखाला स्ट्राइकपाशी, म्हणजे त्या ठरलेल्या भावापाशी, कोपरा असतो, तिथे क्रँक-निकल्सनही थरथरते, म्हणून पहिली दोन-चार पावलं पूर्ण इम्प्लिसिट (दर पायरीला सगळी समीकरणं एकत्र सोडवून) टाकतात. हे स्वतः पायथनमध्ये करून बघा आणि तोच प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये परत लिहा. अर्जात लिहायला याहून चांगलं काही सापडणार नाही.

आपण इंजिनिअर मार खातो तो प्रोबॅबिलिटीत. माझ्या पहिल्या व्हिडिओ मुलाखतीत विचारलं, नाणं उडवत राहा, लागोपाठ दोन छापे यायला सरासरी किती वेळा उडवावं लागेल? मी झटकन म्हटलं, ४. समोरचे गृहस्थ नुसते हसले. तिथून नकार आला, आणि बरोबर आला.

स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसचं (यादृच्छिक चढउतारांचं कॅल्क्युलस) मूळ सूत्र म्हणजे इतोचं; त्यातलं ते अर्धा सिग्मा वर्ग (सिग्मा म्हणजे चढउताराचं माप) कुठून येतं, हेही पुस्तक उघडायच्या आधी कागदावर करा. १०० रुपये १० टक्क्यांनी वाढले, ११० झाले. मग १० टक्क्यांनी पडले, ९९. सरासरी परतावा शून्य, तरी रुपया गेला. सिग्मा ०.१, त्याच्या वर्गाचा अर्धा ०.००५, दोन पावलांचे ०.०१, म्हणजे शंभरावर एक. गेलेला रुपया तो हाच. हे आतून पटलं की स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसची भीती निम्मी जाते.

केटीचं रडगाणं निबंधात गाऊ नका. एनपीटीईएलवर (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) प्रोबॅबिलिटीचा १२ आठवड्यांचा कोर्स घ्या, केंद्रावर जाऊन परीक्षा द्या, मार्क जोडा. ताजे मार्क जुन्या केटीला उत्तर देतात. ते ८० हजार अर्जांच्या फीसाठी राहू द्या.

पेठेतला

बाई, रुपया गेला ते कळलं. आमचा तसाच जातो, आम्हाला वाटायचं ब्रोकरच खातो.

चाकणची_बस

ताई, खूप आभार. आज नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये नाण्याचं गणित मांडलं. ६ आलं. मग सहज 'छापा आणि लगेच काटा' केलं तर ४! दोन्हीची शक्यता एक चतुर्थांशच ना? शेजारच्या क्वालिटीवाल्याला दाखवलं, तो म्हणाला तुझं चुकलंय.

सिव्हिलवाली

तुमचं बरोबर आहे, क्वालिटीवाल्याला सांगा. मीही मुलाखतीत तेच ४ म्हणून बसले होते. दोन छाप्यांची वाट बघताना पहिल्यानंतर काटा पडला की सगळं पाण्यात, पुन्हा श्रीगणेशा. छापा-काट्यात मात्र पहिल्यानंतर परत छापा पडला तरी काही बिघडत नाही, तुम्ही तिथेच उभे, फक्त काट्याची वाट बघायची.

उद्याच्या बससाठी: लागोपाठ तीन छापे. उत्तर इथे लिहा, पण मांडणीसकट.