धंदेवाला माणूस महापौर झाला तर बेघरांचं काही होईल का?

पैठणगेटवाला:
काल रात्री साडेअकराला दुकान बंद करून निघालो तर आमच्या लाईनीत शटरांपुढं नऊ जण झोपलेले, एक बाई लेकराला पोटाशी धरून, अंगावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. एवढी थंडी अन् खाली नुसती फरशी. घरी जाऊन जेवण गेलं नाही. आमच्याकडं सगळे म्हणायलेत की धंदा केलेला माणूस महापौर पाहिजे, त्याला पैशाचा हिशोब कळतो. अमेरिकेत डेन्व्हरला हिकनलूपर म्हणून बिअर पबचा मालक महापौर झालता अन् त्यानं बेघरांवर काम केलं. आपल्या संभाजीनगरात जमल का हे? मनापासून विचारायलोय.

गोदाकाठ:
हाव, जॉन हिकनलूपर. मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ, १९८६ ला तेलाच्या मंदीत नोकरी गेली, १९८८ ला जुन्या गोदामांच्या भागात पब टाकला, २००३ ला महापौर. २००५ ला दहा वर्षांत बेघरपणा संपवायचा आराखडा काढला, जुने पार्किंग मीटर रंगवून रस्त्यावर दानपेट्या केल्या. बेघरपणा काही संपला नाही, पण काम उभं राहिलं, कारण तिथं खात्यांचे प्रमुख महापौरच नेमतो अन् बजेट पण तोच मांडतो. आपल्याकडं महापौर अडीच वर्षांचा, कारभार सगळा आयुक्तांच्या सहीनं, अन् २०२० ला मुदत संपल्यावर कित्येक वर्षं नुसते प्रशासकच होते. म्हणून माणूस व्यापारी का मास्तर हे मला दुय्यम वाटतं, सभागृहात निवाऱ्याच्या जागेचा ठराव लावून धरल का ते बघा.

रात्रपाळी:
मी मराठवाड्यातल्याच एका शहरात निवारा केंद्रात तीन वर्षं काम केलंय. नियम असाय की लाख लोकसंख्येमागं किमान १०० जणांची सोय पाहिजे, २०११ ला आपलं शहर पावणेबारा लाखाचं होतं, म्हणजे तेव्हाच्याच हिशोबानं हजारावर खाटा लागतेत. पण खरी अडचण सांगू का, आमच्याकडं खाटा रिकाम्या राहायच्या अन् मजूर नाक्यावरच झोपायचे. सकाळी सहाला नाक्यावर उभं राहिलं तरच काम मिळतं, आमचं केंद्र तिथून चार किलोमीटर. नवरा एकीकडं बायको एकीकडं, हातगाडी ठेवायला जागा नाही, वर दारातच आधार कार्ड मागायचे. एक म्हातारे बाबा गेटापर्यंत यायचे अन् गाठोडं घेऊन परत जायचे, आत गाठोडं चोरीला जाईल ही भीती. त्यांना कुलपाची एक पेटी दिली त्या दिवसापासून रोज आले.

गुंठेवारीतली:
घराचं पण बोला की. आवास योजनेत स्वतःच्या जागेवर बांधायला अडीच लाख मिळतेत, पण जागा नावावर पाहिजे ना. आमच्या सासऱ्यांनी बॉण्डवर प्लॉट घेतलता, २००१ च्या गुंठेवारी कायद्यात नियमित करायचा तर शुल्क भरा, नकाशा आणा. तीन वेळा फाईल दिली, तीनदा परत आली, अजून पत्र्यातच आहोत. जो कोणी महापौर होईल त्यानं वॉर्डावॉर्डात शिबिर लावून हे कागद आधी करून द्यावेत, आमच्यासारखे घरं आपोआप बांधतील, तेवढी कमाई करतोत आम्ही.

पैठणगेटवाला:
आज त्या बाईशी बोललो. हिंगोलीकडची, नवरा-बायको बांधकामावर. साईटवर पत्र्याची खोली होती, स्लॅब झाला अन् खोली काढून घेतली. निवारा असतो हेच तिला माहीत नव्हतं. रात्री दोघांना घेऊन जातो, एकत्र ठेवतेत का बघतो, अन् ते पेटीचं पण विचारतो.